शेवटच्या लाँचनंतर सुरू होणारा महोत्सव

आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव म्हणजे जगभरातले निवडक चित्रपट आठ-नऊ दिवसांत, ठरावीक पडद्यांवर, नोंदणी केलेल्या प्रतिनिधींना दाखवण्याची व्यवस्था. सकाळी पहिला खेळ, रात्री उशिरा शेवटचा. गळ्यातल्या एका ओळखपत्रावर दिवसाला चार-चार चित्रपट. मराठी प्रेक्षकाच्या हाताशी असे तीन मोठे महोत्सव आहेत, असे दरवर्षी लिहिले जाते: मुंबईचा मामी, पुण्याचा पिफ आणि गोव्याचा इफ्फी. हाताशी म्हणजे कोणाच्या, हे उरणच्या मोरा बंदरावर उभे राहून विचारावे.

मोरा ते मुंबईतला भाऊचा धक्का हे अंतर लाँचने तासाभराचेही नाही. पण ओहोटीला गाळामुळे लाँच थांबते आणि रात्रीच्या खेळानंतर परतीची लाँच नसते. नोकरी-धंदा करणाऱ्या माणसाला चित्रपट पाहता येतो तो संध्याकाळी. आणि नेमका तोच खेळ शेवटच्या लाँचनंतर सुटतो. 12 जानेवारी 2024 रोजी उरणची रेल्वे आणि मुंबईला जोडणारा अटल सेतू यांचे एकाच दिवशी उद्घाटन झाले आणि आता अडचण संपली, असा समज पसरला. रेल्वेने जायचे तर नेरूळ किंवा बेलापूरला गाडी बदलावी लागते. 21.8 किलोमीटरच्या सेतूवर दुचाकीला बंदी आहे आणि मोटारीला एका खेपेचा टोल 250 रुपये. कोळीवाड्यातल्या किंवा गोदामात राबणाऱ्या तरुणाकडे असते ती दुचाकी. मोऱ्याच्या रो-रो जेट्टीचे काम तर वर्षानुवर्षे रेंगाळले आहे, आणि ती झाली तरी रात्री अकराला बोट सुटेल, असे कोणी म्हटलेले नाही.

महोत्सव एका शहरात, एका वर्गासाठीच भरवायचा असतो, असा काही नियम नाही. भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 24 जानेवारी 1952 रोजी मुंबईत सुरू झाला. 23 देशांनी त्यात भाग घेतला. मुंबईतले खेळ संपल्यावर चित्रपटांचे डबे बांधून तो महोत्सव मद्रास, दिल्ली आणि कलकत्त्याला नेण्यात आला. इटालियन दिग्दर्शक डी सिकांचा ‘बायसिकल थीव्ह्ज’ त्या महोत्सवात पाहिलेल्या बिमल रॉय यांनी पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ पडद्यावर आणला. जागतिक सिनेमा लोकांपर्यंत नेला की काय उगवते, याचे याहून मोठे उदाहरण शोधण्याची गरज नाही. तेव्हा सेल्युलॉइडची जड रिळे आगगाडीने देशभर फिरली. आज अख्खा चित्रपट हाताच्या तळव्यावर मावणाऱ्या डिस्कमध्ये येतो आणि त्याला खाडी ओलांडता येत नाही, हे पटण्यासारखे नाही.

तोच महोत्सव, म्हणजे इफ्फी, 2004 पासून गोव्यात कायमचा मुक्कामाला आहे. तिथे मिरामारच्या वाळूवर आणि आल्तिनोच्या जॉगर्स पार्कमध्ये उघड्यावर, विनामूल्य खेळ झाले आहेत. कार्डाशिवाय, रांगेशिवाय माणसे पोराबाळांसह येऊन बसली. हे गोव्याच्या किनाऱ्यावर जमते, तर रायगडच्या किनाऱ्यावर न जमण्याचे कारण काय? मुंबईच्या महोत्सवाकडून तूर्त अपेक्षा ठेवण्यातही अर्थ नाही. 2025 साली तो झालाच नाही. राहतो तो पिफ. 2002 पासून चालत आलेल्या या महोत्सवाला राज्य शासनाचे पाठबळ आहे, आणि शासनाचा पैसा पुण्याच्या करदात्यांइतकाच उरण-पनवेलच्या करदात्यांचाही आहे.

पायल कपाडिया यांच्या ‘ऑल वुई इमॅजिन ॲज लाइट’ला 2024 साली कान महोत्सवात ग्राँ प्री मिळाले. छाया कदम यांनी त्यात साकारलेली स्त्री मुंबईतले घर जाते म्हणून रत्नागिरीकडच्या आपल्या गावी, समुद्राकाठी परतते. चित्रपटाचा तो सगळा भाग कोकणच्या किनाऱ्यावर घडतो. त्याच वर्षी मामीचे उद्घाटनही या चित्रपटाने झाले. ज्या किनाऱ्याची ती गोष्ट आहे, तिथल्या माणसाने ती कुठे पाहायची, याचा विचार कोणत्याही वेळापत्रकात नव्हता.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती प्रवासाइतकीच खरी आहे. इराणी, कोरियन, पोलिश चित्रपट आपल्याकडे इंग्रजी सबटायटलसह दाखवले जातात. ज्याला वेगाने धावणारी इंग्रजी ओळ वाचता येत नाही, तो नोंदणी करूनही बाहेरच राहतो. कानमध्ये एका भाषेतले सबटायटल पडद्यावर आणि दुसऱ्या भाषेतले पडद्याखालच्या पट्टीवर दाखवण्याची पद्धत जुनी आहे. तसे मराठीत करायला लागतो तो एक चांगला अनुवादक आणि एक लांबट पट्टी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून सोहळे करणाऱ्या राज्यात जागतिक सिनेमा मराठीतून वाचता येऊ नये, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

प्रवासाच्या अडचणीवर उपाय जवळच आहे: पनवेलमध्ये वासुदेव बळवंत फडके नाट्यगृह उभे आहे. पुण्याचा महोत्सव बहुधा जानेवारीत संपतो. त्यातले मोजके चित्रपट पुढच्या शनिवार-रविवारी तिथे आणता येतील. प्रत्येक चित्रपटाच्या खेळांची संख्या हक्क देणाऱ्याशी आधीच ठरलेली असते, म्हणून करार करतानाच हे दोन दिवस आणि ही एक जागा त्यात धरावी लागेल. ते काम जानेवारीत सुचून होणार नाही, पावसाळ्यातच हाती घ्यावे लागेल. खेळ सकाळी दहाला सुरू करून संध्याकाळी सहाला संपवावेत, म्हणजे मोरा, करंजा आणि केगावच्या प्रेक्षकाला उरणची एसटी मिळेल.

– एक वाचक, मोरा बंदर, ता. उरण (रायगड)