लिओपोल्डची बंदूक कुणी लपवली?

आपल्याकडच्या वाङ्मय विभागांतून 'पर्यावरणवादी समीक्षा' हा शब्दप्रयोग रुळला, त्याला आता बरीच वर्षे झाली. त्याच्याबरोबर आल्डो लिओपोल्ड हे नावही रुळले. चर्चासत्रातल्या निबंधांत हे नाव आले, की त्यामागोमाग ठरलेल्या दोन गोष्टी येतात. पहिली, गोळी लागून मरणाऱ्या लांडगिणीच्या डोळ्यांतले विझत जाणारे तेज. दुसरी, 'भूमिनीती'. या दोन गोष्टींच्या सांध्यातून एक गोष्टीवेल्हाळ चरित्र तयार होते : एक शिकारी होता, त्याने लांडगीण मारली, त्याला पश्चात्ताप झाला आणि त्याचा ऋषी झाला. वाल्याच्या वाल्मीकी होण्याची आपल्याला फार जुनी सवय असल्याने ही कथा कुणालाच खटकत नाही.

ती खटकायला हवी, कारण ती खोटी आहे. लांडगिणीचा तो प्रसंग १९०९ च्या सुमारास, ॲरिझोनाच्या डोंगरात घडला. त्यावरचा निबंध लिओपोल्डने लिहिला १९४४ मध्ये. मधल्या पस्तीस वर्षांत आणि त्यानंतरही तो शिकार करीत राहिला. बंदुकीने केली, तिरकमठ्याने केली, मुलांना बरोबर नेऊन केली. १९३३ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याला अध्यापकाची जागा दिली ती शिकारीच्या प्राण्यांचे व्यवस्थापन शिकवण्यासाठी, आणि त्याच वर्षी निघालेला त्याचा ग्रंथही त्याच विषयावर होता. ज्या 'अ सँड काउंटी अल्मनॅक'मधून आपण उतारे घेतो, त्यातल्या ऑक्टोबर महिन्याची पाने कुत्रा आणि बंदूक घेऊन रानपक्ष्यांच्या मागे हिंडणाऱ्या माणसाची आहेत. आपल्या निवडक उताऱ्यांत ही पाने बहुधा नसतात. म्हणजे लिओपोल्डने बंदूक खाली ठेवली नव्हती. ती आपण काढून घेतली.

एवढ्यावर थांबले तर हा चरित्रातल्या तपशिलाचा वाद ठरेल. माझे म्हणणे त्याहून जास्त आहे. बंदूक काढून घेतली की त्या लेखनातला मूळ प्रश्नच नाहीसा होतो. हा प्रश्न प्राण्याला मारावे की न मारावे, असा नाही. दुसऱ्याच्या जमिनीवर पाय ठेवण्याचा अधिकार कुणाचा आणि तो कुणाकडून मिळवायचा, असा तो आहे.

एक प्रसंग पाहू. लिओपोल्डचा जन्म आयोवातला, नोकरी नैर्ऋत्येकडच्या जंगलांत, आणि १९२४ मध्ये तो विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहायला आला. नव्या राज्यात आलेल्या प्रत्येक शिकाऱ्यापुढे असते तीच अडचण त्याच्याहीपुढे होती : शिकार करायची कुठे? १९३१ मध्ये एका रविवारी तो शहराच्या पश्चिमेकडच्या खेड्यांतून जागा शोधत हिंडत होता. पाणी प्यायला म्हणून एका शेतावर थांबला. शेतकरी विहिरीपाशी दुधाची भांडी धूत होता. बोलणे निघाले. शेतकऱ्याची तक्रार अशी, की पाट्या लावूनही लोक न विचारता आत घुसतात आणि पक्षी मारून नेतात. लिओपोल्डची गरज अशी, की विचारून आत यावे आणि पक्षी वाढवून मग मारावेत अशी जागा हवी. या दोन गरजांमधून आजूबाजूचे शेतकरी आणि शहरातले काही शिकारी यांचा एक सहकारी संघ उभा राहिला. गावाच्या नावावरून त्याला रायली संघ म्हणतात. जमीन शेतकऱ्यांची, खर्चात आणि कष्टांत शहरवाल्यांचा वाटा, पक्ष्यांसाठी झुडपांचा आडोसा, हिवाळ्यात दाणा, आणि शिकारीला मर्यादा. लिओपोल्डने या संघाचा इतिहास पुढे स्वतःच लिहून ठेवला.

आता विचार करा. माती, पाणी, वनस्पती, प्राणी आणि माणूस हे सगळे एका समाजाचे घटक आहेत, माणूस त्यातला एक साधा नागरिक आहे, ही भूमिनीतीची मांडणी आपण वर्गात सांगतो ती जणू ध्यानस्थ अवस्थेत सुचली असावी अशी. माझ्या मते तिचे एक मूळ त्या विहिरीपाशी आहे. 'समाज' आणि 'नागरिक' हे शब्द तिथे काव्यात्म उपमा म्हणून आलेले नाहीत. ज्याच्या अंगणात आपण उपरे आहोत त्याच्याशी बोलून, काही देऊन, काही मर्यादा मान्य करून आत येण्याचा अनुभव त्यांच्यामागे आहे. नीती ही परवानगी मागण्यापासून सुरू होते. परवानगी मागण्याची वेळ लिओपोल्डवर आली ती शिकारीमुळे. फिरायला आलेल्या माणसाला रस्त्यावरूनही पक्षी दिसतो. शिकाऱ्याला कुंपण ओलांडावेच लागते.

यामागची कायद्याची चौकट ठाऊक नसेल, तर हे लेखन कळणे कठीण आहे, आणि ती आपण शिकवीत नाही. इंग्लंडच्या जुन्या व्यवस्थेत शिकारीचा हक्क जमीनदाराच्या मुठीत होता. अमेरिकेने तो वारसा नाकारला. तिथे वन्य प्राणी जनतेचे, आणि जनतेच्या वतीने त्यांची राखण राज्याकडे. परंतु जमीन मात्र ज्याची त्याची. हरीण सगळ्यांचे, पण ते उभे असते कुणा एकाच्या शेतात. टेक्सासमध्ये नव्वद टक्क्यांहून अधिक जमीन खाजगी. तिथे शिकारीला जागा हवी तर बहुधा पैसे मोजून भाडेपट्टा घ्यावा लागतो. नेवाडात सुमारे ऐंशी टक्के जमीन केंद्र सरकारची. एका राज्यातून दुसऱ्यात गेलेल्या शिकाऱ्याच्या लेखी नकाशाच बदलतो.

आणि केवळ नकाशाच नव्हे, तर त्याची स्वतःची ओळखही. माँटानात रहिवासी म्हणून परवाना मिळवायला १८० दिवस तिथे राहावे लागते, वायोमिंगमध्ये वर्षभर. तोवर तो परका, आणि परक्याचा दर वेगळा. १९७६ मध्ये माँटानातल्या रहिवाशाला एल्क या मोठ्या हरणाचा परवाना ९ डॉलरला मिळे. बाहेरच्याला त्यासाठी २२५ डॉलरचा एकत्रित परवाना घ्यावा लागे. हा भेद घटनेच्या विरोधात आहे, असे म्हणत प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७८ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो माँटानाच्या बाजूने : करमणुकीची शिकार हा नागरिकाचा मूलभूत हक्क नव्हे. ज्या देशात माणूस कुठल्याही राज्यात जाऊन घर करू शकतो, त्याच देशात रानात शिरताना तो परदेशी ठरू शकतो. स्थलांतराच्या साहित्यावर आपल्याकडे इतके प्रबंध होतात. हा अनुभव त्यांतल्या किती प्रबंधांत सापडेल?

कुंपणाची गोष्ट तर याहून विलक्षण. १८६२ पासून रेल्वे कंपन्यांना लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंचे चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक दिले गेले. परिणामी पश्चिमेकडे बुद्धिबळाच्या पटासारखी जमीन तयार झाली : एक घर खाजगी, एक घर सरकारी. सरकारी घरातून सरकारी घरात जायचे तर कोपऱ्याला कोपरा जिथे भिडतो तिथूनच जाता येते. २०२१ मध्ये मिसूरीहून वायोमिंगला आलेल्या चार शिकाऱ्यांनी अशा कोपऱ्यावर शिडी लावली आणि खाजगी जमिनीला पाय न लावता पलीकडच्या सरकारी जमिनीत उतरले. त्यांच्यावर खटला झाला. पंचांनी २०२२ मध्ये त्यांना निर्दोष ठरवले. त्याआधीच जमीनमालकाने दिवाणी दावाही लावला होता. मार्च २०२५ मध्ये दहाव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायचे नाकारले. जमिनीला पाय लागला नाही. मग ओलांडले ते काय? तिच्यावरची हवा? न्यायालयाला या प्रश्नाचा खल करावा लागला. संहितेतल्या 'अवकाशा'वर व्याख्याने देणाऱ्यांनी ही शिडी एकदा डोळ्यांपुढे आणावी.

इथवर वाचून कुणी म्हणेल, की हा लेख लिओपोल्डचे आणि गोऱ्या शिकाऱ्यांचे वकीलपत्र घेऊन लिहिलेला दिसतो. तसे नाही. बंदूक परत त्याच्या हाती द्यायची ती त्याला नीट आरोपी करता यावे म्हणूनही. ऋषीला कुणी प्रश्न विचारीत नाही.

प्रश्न असा : विहिरीपाशी उभ्या असलेल्या ज्या शेतकऱ्याकडून लिओपोल्डने परवानगी मागितली, त्याच्या जमिनीची परवानगी कुणी दिली होती? विस्कॉन्सिनच्या या दक्षिण भागातून हो-चंक लोकांना एकोणिसाव्या शतकात तहांच्या कागदांवर अंगठे घेऊन आणि सैन्य लावून पुन्हा पुन्हा हाकलण्यात आले. ते पुन्हा पुन्हा परत आले. १९३५ मध्ये लिओपोल्डने नदीकाठचे जे उजाड शेत विकत घेतले, ज्याच्यावरून पुस्तकाचा पहिला भाग लिहिला, तीही त्यांचीच भूमी. उजाड शेताचा दोष लिओपोल्ड आधीच्या शेतकऱ्याला देतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याच्या पंचांगातली वर्षे मोजायला जिथून सुरुवात होते, त्याच्या अलीकडे कुणी शिकारी राहत होता, याची दखल फार थोडी आहे.

म्हणून 'नव्या राज्यात जाणे' या शब्दांना दुसरा अर्थ आहे. काही माणसे नव्या राज्यात जातात. काहींच्या अंगावर नवे राज्य चालून येते. वायोमिंग १८९० मध्ये राज्य झाले. १८६८ च्या तहाने बॅनॉक जमातीला मोकळ्या जमिनींवर शिकारीचा हक्क कबूल केला होता. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की वायोमिंग राज्य झाले त्या क्षणी तो हक्क संपला. माणूस जागचा हलला नाही, डोंगर हलला नाही, एल्क हलले नाही. केवळ राज्य नवे झाले आणि शिकारी चोर ठरला. हे तत्त्व पुसले जायला २०१९ उजाडावे लागले. क्रो जमातीच्या क्लेव्हिन हरेरा यांच्या खटल्यात न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी म्हटले, की राज्याच्या स्थापनेने तहातला हक्क बुडत नाही. तरीही ज्या जंगलात त्यांनी एल्क मारले ती जागा तहाच्या अर्थाने 'मोकळी' आहे का, हा प्रश्न खालच्या न्यायालयाकडे परत गेलाच.

हे वाचताना मराठी वाचकाला पारधी आठवले नाहीत, तर वाचनात काहीतरी कमी पडले असे समजावे. फासे लावून तितर, लाव्हे, ससे धरणारा फासेपारधी कुठे नव्या राज्यात गेला नव्हता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेले धोरण पुढे मुंबई इलाख्यातही आले, आणि फिरण्यालाच गुन्हा ठरवू लागले. त्याच काळात साहेबांना आणि संस्थानिकांना परवान्यावर, आखून दिलेल्या रानात, खुशाल शिकार करता येई. एकाच कृतीला दोन नावे मिळाली : बंगल्यातल्या माणसाने केली तर 'शिकार', पालातल्याने केली तर 'चोरी'. १९५२ मध्ये तो कायदा गेला, कलंक गेला नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार आवळली, १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकारही बंद केली. ती बंदी उठवा असे मी म्हणत नाही. उरलेले माळढोक मोजायला हाताची बोटे पुरतील की काय अशी अवस्था असताना तसे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. पण बंदीनंतर शौकिनाला दुर्बीण घेऊन त्याच रानात सन्मानाने शिरता आले, पारध्याला नाही, हे तरी म्हटले पाहिजे.

आपले शिकारी लेखन आणि त्यानंतरचे अरण्यलेखन या दृष्टीने पुन्हा वाचायला हवे. व्यंकटेश माडगूळकर स्वतः शिकारीचे शौकीन होते, आणि माणदेशातल्या रानाची जी जाण त्यांच्या गद्यात आहे तिचा शिकारीशी संबंध नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्यांच्या अरण्यलेखनाकडे 'शिकारी ते निसर्गप्रेमी' अशा उत्क्रांतीची शिडी म्हणून पाहण्यापेक्षा, या माणसाला रानात कोण घेऊन गेले, वाट कुणी दाखवली, त्या वाटाड्याचे पुढे काय झाले, हे प्रश्न अधिक फळ देतील. निसर्गलेखन समोर आले, की 'लेखकाचे निसर्गावर प्रेम आहे का' हा प्रश्न विद्यार्थ्यांनी काही काळ बाजूला ठेवावा. त्याऐवजी विचारावे : लेखक आत आला कसा? कुणाला विचारून? आणि न विचारता येऊ शकला असेल तर कशाच्या बळावर?

लिओपोल्डबाबत या प्रश्नांचे अर्धे उत्तर चांगले मिळते, अर्धे मिळत नाही. त्या चांगल्या अर्ध्या उत्तराचा शेवटही सांगितला पाहिजे. २१ एप्रिल १९४८ रोजी त्याच्या शेताशेजारी वणवा लागला. तो विझवायला तो धावला आणि तिथेच हृदयविकाराने गेला. आग त्याच्या जमिनीवर नव्हती, शेजाऱ्याच्या जमिनीवर होती. तिथे शिरायला त्या दिवशी त्याला कुणाची परवानगी लागली नाही. शेजारी होण्याचा हा हक्क उपऱ्याने कमावलेला होता, आणि तो कमावण्याची सुरुवात बंदूक घेऊन, पाणी मागत झाली होती. ही बंदूक लपवून आपण जो लिओपोल्ड शिकवतो, त्याला शेजारीही नसतात आणि ज्यांना हाकलले तेही नसतात. असा निसर्ग फक्त अभ्यासक्रमात असतो.