पोटातल्या जंतांसकट

अंटार्क्टिकाजवळचा वेडेल समुद्र राखीव करावा, असा युरोपीय संघाचा प्रस्ताव 2016 पासून पडून आहे. दक्षिणी महासागरातल्या जीवसृष्टीची जबाबदारी ज्या आंतरराष्ट्रीय आयोगाकडे आहे, त्याची बैठक दर ऑक्टोबरात ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला भरते. तिथे एकमताशिवाय काहीच ठरत नाही आणि रशिया व चीन यांची संमती मिळत नाही. भारताने 2021 मध्ये या प्रस्तावाला जाहीर पाठिंबा दिला, हे योग्यच झाले. या सगळ्या वादात पेंग्विन येतात, देवमासे येतात, सील येतात. या समुद्रातल्या माशांच्या पोटात राहणाऱ्या जंतांचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. तो व्हायला हवा, आणि तो भारताने करावा.

फेब्रुवारी 2021 मध्ये 'पोलारस्टर्न' हे जर्मन संशोधन जहाज याच समुद्रात फिल्शनर हिमफळीजवळ कॅमेरा ओढत चालले होते. तळाशी घरटी दिसू लागली आणि संपेचनात. चारशे-पाचशे मीटर खोल, सुमारे 240 चौरस किलोमीटरांत अंदाजे सहा कोटी घरटी! प्रत्येक घरटे म्हणजे पाऊण मीटर रुंदीचा उथळ खळगा. त्यात दीड-पावणेदोन हजार अंडी आणि बहुतेक ठिकाणी राखण करणारा एक मासा. हा मासा आइसफिशच्या कुळातला. या कुळातल्या प्रौढ माशांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नसते. रक्त पाण्यासारखे फिकट, प्राणवायू त्यात नुसता विरघळून वाहतो. थंड पाण्यात प्राणवायू अधिक मावतो, म्हणून हे निभते. नॉर्वेचे योहान रूड यांनी 1954 मध्ये हे सप्रमाण मांडले, तेव्हा जीवशास्त्रज्ञ चकित झाले होते.

असल्या बिनरंगी रक्तावरही जगणारे आहेत. आइसफिशच्या डोक्याला चिकटून तेच रक्त पिणारी जळवांची एक जात आहे. पण खरी गर्दी आत असते. अंटार्क्टिक माशाचे पोट फाडले की यकृतावर आणि आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्यावर पांढुरक्या-पिवळट गुंडाळ्या दिसतात. घड्याळाच्या कमानीसारखे वेटोळे घालून बसलेले हे सूत्रकृमी. शेजारी काटेरी सोंडेचे दुसरे कृमी, कोषात बंद. दोघेही अजून वयात आलेले नसतात. मासा हे त्यांचे घर नव्हेच, तो वाटेतला मुक्काम आहे.

वयात आलेल्या सूत्रकृमीची अंडी सीलच्या विष्ठेतून समुद्रात पडतात. शून्याखालच्या पाण्यातही ती उबतात. बाहेर पडलेली अळी एखाद्या कोळंबीवर्गीय बारीक जीवाच्या पोटात जाते, त्याला लहान मासा खातो, लहान माशाला मोठा. दर वेळी अळी नव्या यजमानाच्या पोटातून निसटते, यकृतावर येऊन वेटोळे घालते आणि थांबते. हा मुक्काम फार लांबू शकतो. मग वेडेल सील बुडी मारून तो मासा गिळतो. उणे एक अंशाच्या शरीरातून अळी एकदम सदतीस अंशांच्या जठरात येते. ती ऊब मिळाल्यावरच ती वाढते, वयात येते, अंडी घालते. मधले एक जनावर जरी नाहीसे झाले तरी वंश तिथेच संपला. म्हणून माशाच्या यकृतावरचा एक जंत पुष्कळ काही सांगून जातो. इथे सील येतो, बारीक जीव आहेत, ते खाणारे मासे आहेत आणि कोण कोणाला खातो ती साखळी अजून शाबूत आहे.

जंत म्हटले की आपल्याला किळस येते, रोगट मासा आठवतो. अनिसाकिस नावाचा जंत कच्च्या माशातून माणसाच्या पोटात गेला तर भयंकर कळा येतात हे खरे, आणि म्हणून कच्चा खायचा मासा उणे वीस अंशांवर गोठवतात. पण 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार 1978 ते 2015 या काळात माशांतल्या अनिसाकिसचे प्रमाण 283 पट वाढले. त्याचे एक संभाव्य कारण अभ्यासकांनी दिले ते असे की, शिकारबंदीनंतर देवमासे, म्हणजे या जंतांचे शेवटचे यजमान, पुन्हा वाढू लागले. उलट अमेरिकेतल्या प्युजेट साउंड या खाडीत काय झाले पाहा. तिथल्या 1880 पासून जपून ठेवलेल्या बरण्यांतले मासे उघडून जंत मोजले, तेव्हा तीन किंवा अधिक यजमान लागणारे परजीवी पाण्याच्या दर अंश तापमानवाढीमागे 38 टक्क्यांनी घटलेले आढळले. ती खाडी ध्रुवीय नाही. पण वेडेल समुद्रातल्या जंतांचे जीवनचक्रही असेच, अनेक यजमानांच्या भरवशावर चालणारे आहे.

प्रत्येक परजीवी सुचिन्ह असतो, असा दावा कोणी करू नये. अंटार्क्टिक द्वीपकल्पाजवळच्या अँडव्होर्ड उपसागरात 2018 मध्ये छोट्या माशांच्या अंगावर गुलाबी गाठी आढळल्या. एका जातीत तर जवळपास दर तिसऱ्या माशाला. एक्स-सेल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एकपेशीय परजीवीचा हा प्रताप, असे पुढे निष्पन्न झाले. ही साथ तापत्या पाण्याने आणली की ती आधीपासूनच तिथे होती? एका मोसमाच्या नोंदीवरून हे कसे ठरणार? जुनी मोजणी नसली की असे होते. प्युजेट साउंडकडे बरण्या होत्या, म्हणून उत्तर मिळाले.

तेव्हा मागणी साधी आहे. दक्षिणी महासागरात टूथफिश हा मासा पकडणाऱ्या बोटींवर निरीक्षक असतात. ते माशाची लांबी, वजन, लिंग, पक्वता नोंदवतात, वयासाठी कानातला खडा काढून घेतात. मासा तिथेच साफ होतो. 60 अंश दक्षिणेपलीकडे ती आतडी समुद्रात फेकायलाही मनाई आहे. म्हणजे जंत डोळ्यांसमोर टेबलावरच असतात, फक्त त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना हवा. ठरावीक माशांतले परजीवी मोजावेत आणि नमुने मद्यार्कात जपून ठेवावेत. संशोधन जहाजांनीही तेच करावे. वेडेल समुद्र राखीव झालाच, तर त्याच्या देखरेखीच्या आराखड्यात ही मोजणी पहिल्या वर्षापासून असावी.

भारत 1983 पासून अंटार्क्टिक कराराचा सल्लागार सदस्य आहे. 'मैत्री' आणि 'भारती' ही दोन ठाणी तिथे चालतात, त्यांचा कारभार पाहणारी संस्था गोव्यात वास्कोला आहे. पाठिंबा देऊन झाला, आता प्रस्तावाच्या मजकुरात भर घालायची वेळ आहे. पुढच्या ऑक्टोबरात होबार्टला जाणाऱ्या भारतीय शिष्टमंडळाने या एका रकान्याचा लेखी प्रस्ताव सोबत न्यावा. त्यासाठी समुद्र राखीव होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.