पेशींची आत्मशुद्धी आणि वैद्याचा विवेक

वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले आणि आपल्या हिंगोली जिल्ह्याची मान उंचावली. हरिद्रेचे गुण वैद्यास नव्याने सांगावयाचे नाहीत. चरकाचार्यांनी लेखनीय व विषघ्न अशा दोन्ही महाकषायांत तिला स्थान दिले आहे. परंतु मानाबरोबर मोहही येतो. अलीकडे हळदीच्या कॅप्सूल ‘पेशींची आंतरिक शुद्धी करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाऊ लागल्या आहेत, आणि त्या दाव्यास ‘ऑटोफॅजी’ या शब्दाचे वजन दिले जाते. या शब्दाचा अर्थ आपण समजून घेतला आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे.

प्रश्न केवळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी पस्तिशीतील एक शेतकरी स्त्री माझ्याकडे धाप लागते म्हणून आली. चार पायऱ्या चढताच श्वास भरे, सायंकाळी पायांवर सूज येई, एकदा विहिरीवर भोवळ येऊन ती पडलीही होती. मी तमकश्वास समजून तीन महिने चिकित्सा केली. ती चूक माझी. पुढे नांदेडला इको तपासणी झाली तेव्हा फुप्फुसधमनीतील दाब फार वाढल्याचे व हृदयाची उजवी बाजू फुगल्याचे दिसले. तेथील औषधांनी तिला उतारही पडला. परंतु कोणीतरी तिला ‘पेशीशुद्धी’च्या कॅप्सूल दिल्या आणि ‘आता इंग्रजी गोळ्यांची गरज नाही’ असे सांगितले. तिने गोळ्या सोडल्या. दीड महिन्यात तिला पुन्हा भरती करावे लागले.

फुप्फुसधमनीतील सरासरी दाब विश्रांतीच्या वेळी पाऱ्याच्या २० मिलिमीटरहून अधिक असल्यास तो विकृत मानावा, असे २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शिकेत म्हटले आहे. दंडास पट्टा बांधून हा दाब कळत नाही. इकोवरून संशय येतो आणि उजव्या हृदयात नळी घालून निश्चिती होते. याची कारणे अनेक आहेत. डाव्या हृदयाचे विकार, झडपांचे दोष, चुलीच्या धुराने वा क्षयाने जीर्ण झालेली फुप्फुसे, रक्ताच्या गुठळ्या यांनी तो होतो; आणि एका प्रकारात तर सूक्ष्म धमन्यांची भिंतच जाड होत जाऊन मार्ग अरुंद होतो. आपल्या भाषेत यास स्रोतोरोध म्हणता येईल, पण तेवढ्याने निदान पुरे होत नाही.

आता आत्मशुद्धीविषयी. पेशी आपलेच जीर्ण व बिघडलेले घटक पडद्यात गुंडाळून लायसोसोम या कोष्ठात नेते, तेथे त्यांचे पचन करते आणि मिळालेले द्रव्य पुन्हा वापरते. या क्रियेस ऑटोफॅजी हे नाव क्रिस्तियान द ड्यूव्ह यांनी १९६३ साली दिले. तिची जनुके किण्वपेशींत शोधून काढल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक लाभले. उपासमारीत एमटॉर हे नियंत्रक प्रथिन मंदावते, टीएफईबी नावाचे दुसरे प्रथिन पेशीकेंद्रात शिरते आणि शुद्धीची जनुके कार्यान्वित करते. म्हणजे जनुक असणे एक आणि ते केव्हा, किती बोलते हे दुसरे. या दुसऱ्या गोष्टीचे, म्हणजे जनुकनियमनाचे, एक साधन असलेल्या सूक्ष्म आरएनएच्या शोधास २०२४ चे नोबेल मिळाले.

प्रस्तुत रोगात हे नियमन विशेष महत्त्वाचे ठरते. २००० साली बीएमपीआर-टू या जनुकातील दोष आनुवंशिक फुप्फुसधमनी-विकाराशी निगडित असल्याचे सिद्ध झाले. हे जनुक धमनीभित्तीच्या पेशींच्या अनिर्बंध वाढीस आवर घालते. तथापि दोष असणाऱ्या प्रत्येकास रोग होत नाही. बहुसंख्य व्यक्ती आयुष्यभर निरोगी राहतात. बीजदोष आहे, पण त्यास फळ येणे इतर हेतूंवर अवलंबून आहे.

मग आत्मशुद्धी वाढविली की धमनी मोकळी होईल काय? येथेच घाई नडते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात शुद्धीक्रियेतील एक आवश्यक प्रथिन नसलेल्या उंदरांना विरळ प्राणवायूत ठेवले असता त्यांचा फुप्फुसधमनीदाब इतरांहून अधिक वाढला. म्हणजे शुद्धी उपकारक. उलट २०१३ साली उंदरांच्या दुसऱ्या प्रयोगात शुद्धी रोखणाऱ्या क्लोरोक्विनने रोगाची वाढ थांबविली, कारण पेशी त्या क्रियेच्या ओघात हितकारक बीएमपीआर-टू प्रथिनही पचवून टाकीत होती. म्हणजे शुद्धी अपकारक. एकच क्रिया, परंतु पेशी, अवस्था आणि मात्रा यांप्रमाणे फळ वेगळे.

आपणांस यात नवल वाटू नये. लंघन हे उत्तम औषध असले तरी त्याचे योग, अयोग आणि अतियोग आपणच शिकतो. दुर्बलास अतिलंघन दिल्यास काय होते हेही जाणतो. मात्र ‘आमच्या ऋषींना ऑटोफॅजी ठाऊक होती’ असे म्हणण्याची आवश्यकता नाही. त्यांनी शिकविलेला विवेक आपण वापरला, तरी त्यांचा पुरेसा मान राखला जाईल.

या दुसऱ्या प्रयोगात उंदरांना रोग कशाने उत्पन्न केला, हेही औषधनिर्मात्यांनी ध्यानी घ्यावे. तो मोनोक्रोटॅलिन या वनस्पतिज विषाने केला गेला. आपल्या शेतातील ताग आणि माळावरचा खुळखुळा ज्या क्रोटॅलेरिया प्रजातीतील आहेत, त्याच प्रजातीत हे द्रव्य आढळते. १९७५ साली तत्कालीन मध्य प्रदेशातील सरगुजा भागात याच प्रजातीचे बी धान्यात मिसळल्याने लोकांच्या यकृतातील शिरा बंद होऊन मृत्यू झाले. चरकोक्त मूलिनी द्रव्यांतील शणपुष्पी याच प्रजातीची मानली जाते. ‘वनस्पतिज म्हणून निरुपद्रवी’ हे वाक्य आपल्या दुकानातून कायमचे हद्दपार व्हावे.

हळदीचेही तसेच. स्वयंपाकातील चिमूटभर हळद आणि कर्क्युमिनचा घन अर्क मिरीतील पिपेरीनसह देणे, या सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. पिपेरीन शोषण वाढविते, तसेच यकृतातील औषधे विघटित करणाऱ्या विकरांनाही अडथळा करते. अशा अर्कांनी यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. फुप्फुसधमनी-विकारात दिले जाणारे बोसेंटान स्वतःच यकृतावर ताण आणू शकते; सिल्डेनाफिलचे विघटनही त्याच विकरांवर अवलंबून असते. या रोगात हळदीचा अर्क गुणकारी असल्याचे रुग्णांवर सिद्ध झालेले नाही. शिवाय हृद्रोग व रक्तदाब यांच्या उपचाराची जाहिरात १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपचार कायद्याने निषिद्ध आहे, याचेही स्मरण ठेवावे.

म्हणून व्यवसायबंधू-भगिनींस तीन विनंत्या. धाप, पायांवर सूज आणि श्रमाने भोवळ हे त्रिकूट दिसल्यास, विशेषतः तरुण स्त्रीत, चिकित्सेच्या पहिल्याच आठवड्यात इको करून घ्यावा. रुग्णाची चालू औषधे आपल्या सल्ल्याने बंद होऊ देऊ नयेत. कोणती चूर्णे व कॅप्सूल सुरू आहेत हे तज्ज्ञास लेखी कळवावे. आणि औषधी दुकानांनी ‘पेशीशुद्धी’ लिहिलेला माल ठेवण्यापूर्वी त्यातील द्रव्ये, मात्रा व पिपेरीनचे प्रमाण विचारावे. उत्तर न मिळाल्यास माल परत करावा.

ती भगिनी आता नियमित औषधे घेते, घरच्या भाजीत वसमतची हळद घालते आणि माझ्याकडे अग्निमांद्याकरिता येते. आपल्या शास्त्राचे तिच्या आयुष्यात जे योग्य स्थान आहे ते एवढे आहे, आणि ते लहान नाही.