पुन्हा एकदा ‘चंद्रकांता’

दिवसभर कचेरी, संध्याकाळी विहारात बैठक, रात्री मुलांचा अभ्यास. एवढ्यातून अर्धा तास हाती लागला की आम्ही देवकीनंदन खत्रींची ‘चंद्रकांता’ उघडतो. कितव्यांदा, ते आता मोजत नाही. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, “बाबासाहेबांचे खंड घरात असताना ही राजाराणीची गोष्ट कशाला?”

प्रश्न रास्त आहे. आपल्या आजी-आजोबांच्या हाती पाटीही आली नाही. म्हणून आपण पुस्तक धरतो ते परीक्षेसाठी, नोकरीसाठी, चळवळीसाठी. नुसत्या गमतीसाठी वाचले की चोरी केल्यासारखे वाटते.

ही १८८८ सालची हिंदी कादंबरी. नौगढचा वीरेंद्रसिंह, विजयगढची चंद्रकांता आणि मध्ये आडवा येणारा क्रूरसिंह. खरी मजा मात्र ऐयारांची. तेजसिंह काय नि चपला काय, बघता बघता दुसऱ्याचे सोंग घेतात, बेहोशीचे औषध देऊन माणसाचे गाठोडे बांधून नेतात, लखलखा हुंगवून पुन्हा शुद्धीवर आणतात. पुढे काय होणार हे ठाऊक असते, म्हणूनच थकलेल्या डोक्याला विसावा मिळतो.

पुन्हा वाचताना आणखी एक ध्यानात येते. १९९४ साली दूरदर्शनवर आलेली मालिका पाहिलेल्यांना मूळ पुस्तक बरेच वेगळे वाटेल. येथे अद्भुतामागे बहुधा माणसाची करामत असते: रंग, औषध, नाहीतर कारागिराने बसवलेली कळ. ज्योतिषी रमल टाकू लागला की आम्ही हसून पान उलटतो. जन्माने थोर ठरणारे राजपुत्रही आम्हांला मान्य नाहीत. पण गंमत म्हणून वाचणे वेगळे आणि खरे मानणे वेगळे. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला एवढा फरक कळतो.

त्या कार्यकर्त्याला आम्ही हेच सांगत होतो. तेवढ्यात मोरीतून पत्नीचा आवाज आला, “अर्धा तास मिळतो कुणाला, तेही सांगा.”

आम्ही गप्प झालो. आमचा विसावा तिच्या भांड्यांवर उभा होता. समतेची भाषणे देणाऱ्याला हे दुसऱ्याने सांगावे लागले.

तेव्हापासून रात्रीची भांडी आमच्याकडे आहेत. ‘चंद्रकांता’ तिच्याकडे गेली. सध्या ती दुसऱ्या भागात आहे. पुढचे काही सांगायचे नाही, अशी आम्हांला सक्त ताकीद आहे.