लावा, फास आणि शास्त्रातील नाव

१/ तळेघरच्या ओल्या डोंगरमाथ्यावरून पूर्वेस शिरूरकडे उतरत गेले की पाऊस आटत जातो आणि काटेरी झुडपांचे कोरडे माळरान लागते. महाराष्ट्रात वाळवंट नाही. लाव्याच्या शिकारीचा इतिहास या अवर्षणाच्या पट्ट्यात शोधावा लागतो. तो इतिहास खरे तर कोणाच्या ज्ञानाला ज्ञान म्हणायचे, याचा आहे.

२/ जुन्नरच्या लेण्यांतील शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध करणारा कर्नल सायक्स पक्षीअभ्यासकही होता. १८३२ मध्ये लंडनमध्ये छापलेल्या दख्खनच्या पक्षीसूचीत त्याने दोन लाव्यांचे प्रथम वर्णन केले: घाटातला लाल चोचीचा आणि माळावरचा ‘अरगुंदा’.

३/ ‘अरगुंदा’ हा शब्द ना लॅटिन, ना ग्रीक. तो देशी आहे. त्याच सूचीतील एका सातभाई पक्ष्याला मुंबईचा गव्हर्नर माल्कम याचे नाव मिळाले. गव्हर्नर नावानिशी अमर झाला. लाव्याला त्याच्या देशी नावाने ओळखणारी माणसे अनामिक राहिली.

४/ लावा सहजी दिसत नाही. थवा झुडपाखाली तोंडे बाहेर करून वर्तुळात बसतो आणि पाऊल अगदी जवळ पडले की एकदम फुटतो. पांगलेले पक्षी साद घालत पुन्हा जमतात. पाण्यावर एका ओळीत चालत जातात. ही वाट ओळखून तिच्यावर फास मांडणे, हे फासेपारध्यांचे पिढीजात कसब. जमातीचे नावच त्या फासावरून पडले.

५/ १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा आला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर वाढली. पारधी जन्माने संशयित ठरले. मधल्या काळात, १८७९ पासून, ह्यूम व मार्शल यांचा शिकारी पक्ष्यांवरील त्रिखंडी ग्रंथ निघाला. बंदुकीने लावा टिपणे हा साहेबी छंद. फासात धरणारा मात्र हजेरीच्या नोंदवहीत.

६/ तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने लाव्यालाही संरक्षण दिले, आणि ते योग्यच आहे. परंतु बंदुकीचा छंद सुटला तेव्हा साहेबाचे पोट रिकामे राहिले नाही. फास सुटला तेव्हा पारध्याची उपजीविका गेली आणि कलंक तेवढा उरला.

७/ शिकार परत यावी, असे कोणी म्हणू नये. पण माळरानावरील पक्ष्यांची गणना करताना त्यांची वाट ओळखणाऱ्यांना सन्मानाने व वेतनाने बोलवावे. सायक्सची सूची जर विज्ञान असेल, तर पारध्याचे निरीक्षणही विज्ञानच आहे. फक्त ते छापले गेले नाही.