खुर्चीही राहील, बोकाही राहील

मांजर पाळणाऱ्या घरात एखादी तरी वस्तू त्याच्या नावे झालेली असते. कुणाकडे गादीचा कोपरा, कुणाकडे दाराची चौकट, तर कुणाकडे नवाकोरा सोफा. मराठीत बोका म्हणा की कन्नडमध्ये बेक्कु म्हणा, फाटलेली उशी पाहून घरच्या बाईच्या तोंडून जे शब्द निघतात ते दोन्ही भाषांत सारखेच!

हा विषय आला इंदूरहून. आपल्या भागाचे आणि त्या मुलखाचे नाते जुने आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ साली इंदूरजवळच्या देवासला गेले आणि तिथलेच झाले. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी कुटुंबे नांदत आहेत. त्यातल्याच एका घरी माझी थोरली मावसबहीण दिली आहे. भाऊजी गेल्यावर ताईला सोबत म्हणून मुलाने पर्शियन जातीचा बोका आणून दिला. लांब केसांचा, झुबकेदार शेपटीचा हा बोका आता सहा किलोंचा झाला आहे. नखे घासायला त्याने नेमकी भाऊजींची वेताची आरामखुर्ची धरली. सून म्हणाली, बोका कुणाला तरी देऊन टाका. शेजारी म्हणाले, डॉक्टरांकडून नखेच काढून घ्या. ताईला यातले काहीच नको होते. तिला खुर्चीही हवी होती आणि बोकाही.

मुळात मांजर खोडी म्हणून ओरबाडत नाही, ही गोष्ट आधी लक्षात घ्यायला हवी. ओरबाडल्याने नखावरचे जुने कवच गळून पडते, पाठ-खांदे ताणले जातात आणि पंजातल्या ग्रंथींचा वास त्या जागी लागतो. ‘हे घर माझे’ अशी ती त्याची सही असते. त्यामुळे ही सवय मोडता येत नाही, फक्त तिची जागा बदलता येते.

नखे काढण्याच्या शस्त्रक्रियेत नुसते नख निघत नाही, प्रत्येक बोटाचे शेवटचे पेरच हाडासकट कापले जाते. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये यावर बंदी घातली. आपल्याकडेही १९६० च्या कायद्याप्रमाणे जनावराचा अवयवछेद क्रूरतेत मोडतो. तेव्हा तो विचार मनातून काढूनच टाकावा.

मग उरतो तो नखे घासायचा खांब. ताईने बाजारातून एक आणला होता, पण तो जेमतेम दीड फुटाचा. बोक्याने पंजे टेकवले आणि खांब आडवा झाला. एकदा असा दचकलेला बोका त्या वस्तूकडे फिरकेल कशाला? मोठ्या मांजराचा खांब घेताना पहिली गोष्ट उंची. मांजर मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पंजे जिथवर नेते, त्याहून खांब थोडा उंच हवा. एखादे पीस भिंतीपाशी वर धरून त्याला खेळवा आणि पंजा पोचेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मोठ्या बोक्याला साधारण तीन फुटांचा खांब लागतो.

दुसरी गोष्ट वजन. तळाला दोन फूट लांब-रुंद जाड प्लायवूड घ्यावे आणि त्यावर फरशीचा तुकडा पक्का बसवावा. इंदुरात कोटा फरशी मिळते, आपल्याकडे शहाबादी आहेच. हाताने जोरात ढकलला तरी खांब डुगडुगता कामा नये.

तिसरी गोष्ट दोर. दुकानात ज्याला सायझल म्हणतात तो आपल्या ओळखीचाच, घायपाताचा वाख. कन्नडमध्ये घायपाताला कत्ताळे म्हणतात. हा दोर खरखरीत असल्याने नख छान रुततं आणि सुटतंही. नायलॉनचा दोर गुळगुळीत असतो, तो नको. गालिचा लावलेले खांबही टाळावेत. त्यात लांब केस अडकून गुंता होतो, नख फाश्यात अडकते आणि घरातला गालिचाही ओरबाडायचाच असतो, असे मांजर शिकते. चार इंच जाडीच्या, तीन फूट उंच खांबाला ८ मिलिमीटरचा दोर साधारण ४० मीटर लागतो. वेढे घट्ट बसवावेत आणि खिळ्याचे टोक कुठेही वर राहू देऊ नये. लांब केसांच्या मांजराला बोटांमध्येही केस असतात, ते अडकले की मांजर घाबरते.

चौथी गोष्ट जागा. खांब अडगळीच्या खोलीत ठेवून उपयोग नाही. ताईने सुताराकडून करून घेतलेला खांब आरामखुर्चीला खेटूनच ठेवला आणि खुर्चीवर काही दिवस जाड चादर घातली. झोपेतून उठल्यावर मांजर हटकून अंग ताणते, म्हणून तो त्याच्या झोपायच्या जागेजवळ असला तर उत्तम. त्याचे पंजे धरून खांबावर घासू नका. दोरीने खेळवत तिकडे न्या आणि पंजा लागला की खाऊ द्या. ताईचा बोका तिसऱ्या आठवड्यात रुळला. चादर तिने अजून काढलेली नाही, पण बोका द्यायचा विषय घरात आता निघत नाही.

दोन-तीन आठवड्यांनी नखांची फक्त पांढरी टोके कापावीत. गुलाबी भागात रक्तवाहिनी असते, तिथे कात्री नको. मांजर लंगडत असेल किंवा नख गादीत रुतले असेल तर थेट पशुवैद्य गाठावा. इंदूरकरांना त्यासाठी महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. आणि हो, खांबाचा दोर विसकटला म्हणून तो फेकून देऊ नका. त्याला त्याचाच वास असतो, म्हणून तो त्याचा लाडका असतो. फाटलेल्या भागावर तेवढा नवा दोर गुंडाळा.