पाचवीचे पोर काय शिकते ?

‘पाचवी शिकून पोर काय दिवे लावणार ? त्यापेक्षा चार शेळ्या राखील तर घराला हातभार लागेल.’ हे बोल दर दसऱ्याला आमच्या कानी पडतात. बोलणारा बाप दुष्ट नसतो, गांजलेला असतो. म्हणून त्याच्यावर न रागावता, पाचवीत त्याच्या पोराच्या पदरात काय पडते, ते आज आम्ही त्याच्याच हिशेबाने सांगतो.

प्रथम गणित. पाचवीत मूल अपूर्णांक, दशांश, कोन व क्षेत्रफळ शिकते. आता घरातला सातबारा काढा. त्यावर जमीन हेक्टर-आरमध्ये लिहिलेली असते. ०.४० हेक्टर म्हणजे जवळजवळ एक एकर; ०.०४ हेक्टर म्हणजे जेमतेम चार गुंठे. टिंबापुढे एक शून्य वाढले की एकराचे चार गुंठे झाले ! हे शून्य ज्याला वाचता येत नाही, त्याने अंगठा कशावर उठविला हे त्याला दुसऱ्यानेच सांगावे लागते. सुताराच्या पोराला काटकोन आणि शिंप्याच्या पोराला मापे हीच विद्या दुकानात रोज लागणार आहे.

परिसर अभ्यासात मूल नकाशा वाचते, रोग कसे पसरतात व अन्न कसे टिकवावे हे समजून घेते, आणि नियम सर्वांस सारखे असतात हेही शिकते. २०१५ साली निघालेल्या इतिहासाच्या भागात राजांच्या लढाया नाहीत. दगडाची हत्यारे घडविणारा माणूस, स्थिर होऊन शेती करणारी माणसे आणि त्यांतून वाढलेली गावे व नगरे यांची ती हकीकत आहे. ज्या धंद्यांना अडाण्यांचे धंदे म्हणून हिणविले, त्यांनीच संस्कृती उभी केली, हे कुणब्या-कुंभाराच्या पोराने दहाव्या वर्षी वाचावे, ही लहान गोष्ट नव्हे.

हे फुकट मिळालेले नाही. जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शाळेत लेखन, वाचन व हिशेबाबरोबर इतिहास, भूगोल, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य शिकवावे अशी मागणी केली. कोल्हापुरात शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. २००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस हा हक्क मिळाला. मिळालेला हक्क आपल्याच हाताने गमवावा काय ?

गेल्या वर्षी आमच्या वर्गातील एक हुशार मुलगी दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. शिमग्यानंतर परतली, तो वर्ग अपूर्णांक संपवून दशांशावर पोहोचला होता. ती मुकाट्याने मागे जाऊन बसली. तिला मागचे शिकवावयास आम्ही रोज अर्धा तास काढू शकलो असतो, काढला नाही. हा दोष आमचा. पण २०१९ च्या दुरुस्तीने पाचवीअखेर परीक्षा घेण्याची तरतूद केली आहे. नापासाला दोन महिन्यांत पुन्हा संधी मिळते. तीही हुकली तर त्याच वर्गात बसविण्याची मुभा सरकारास आहे. म्हणजे गैरहजेरीचे ओझे अखेर पोराच्याच डोक्यावर.

म्हणून शिक्षक बंधुभगिनींना आमची विनंती की, परतलेल्या पोराला मागच्या बाकावर विसरू नये. सरकारास सांगणे की, हंगामी वसतिगृहे पोरे गाव सोडण्यापूर्वी उघडावीत, नंतर नव्हे. आणि शेतकरी व कारागीर बांधवहो, तुम्हांस इतकेच मागतो : फडावर जावे लागले तरी पोराला आजीजवळ ठेवा, वसतिगृहात ठेवा, पण शाळेत ठेवा. आणि आज रात्री सातबारा त्याच्यापुढे धरून विचारा, ‘बाळ, आपली जमीन किती ?’ त्याला उत्तर आले नाही, तर उद्या शाळेत येऊन आम्हांला जाब विचारा.